पुढं आबेदा, मागं मी

आबेदा दोन्ही खांद्यांवर ओढणी नीट घेऊन खाली आली, तेव्हाच मला कळलं की फ्रान्स गेलं. सायकलवर निघायचं असलं की तिची ओढणी खांद्यावरून तिरकी जाते आणि कमरेला गाठ बसते, शाळेच्या कवायतीला निघालेल्या मुलीसारखी. आज गाठ नव्हती, हेल्मेट नव्हतं, हातात स्टीलचा डबा होता. "आधी तोंड उघड, मग सांगते," ती म्हणाली. भूगावातल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, दुधाच्या क्रेटांशेजारी, एका हातानं सायकल धरून मी तोंड उघडलं आणि तिनं चमच्यानं शिरा भरवला. तिच्या लेकीला, शबनूरला, दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. तारीख मार्चमधली. पुढं सव्वा महिना बाळ-बाळंतीण घरात. आणि एप्रिलच्या सुरुवातीला, चेरीच्या झाडांना फुलं येतात म्हणून मुद्दाम निवडलेल्या आठवड्यात, आम्ही दोघी फ्रान्समधल्या एका कालव्याच्या काठानं सायकल चालवणार होतो. "तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय," आबेदा म्हणाली. "पण तुला न सांगता माझं नाव कसं काढू? तू जा गं. एकटी जा. काय हुतंय?" शिरा गोड होता, वेलदोडा जास्त होता, माझे डोळे भरले होते ते आनंदानं, हे मी शपथेवर सांगते. फक्त त्या आनंदाच्या खाली काहीतरी खचकन निसटलं, चालत्या सायकलची चेन निसटावी तसं. पायडल फिरत राहतं आणि सायकल पुढं जात नाही.

प्रवास लावून देणाऱ्या लोकांना नावं पक्की कळवायचा आजचा शेवटचा दिवस होता. दोघी, एक, की कुणीच नाही. माझा मुलगा सिद्धांत संध्याकाळी ऑफिसातून आला की मेल करणार होता. "आई, तू फक्त सांग," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याचे वडील, म्हणजे रवी, त्याहून थोर. काहीही विचारलं तरी "तुला जमेल तसं" म्हणतात आणि पेपर उलटतात. मला जमेल तसं म्हणजे कसं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही आणि मी कुणाला विचारलेलंही नाही.

मी निघाले. न निघता काय करणार होते? हेल्मेट डोक्यावर चढलं होतं, आणि घरी गेले असते तर शिवणाच्या मशिनवर सुनीतीबाईंच्या ब्लाऊजच्या बाह्या वाट बघत होत्या. भुकूम मागं पडेपर्यंत मला काय चुकतंय ते कळेना. रस्ता तोच, कंपन्यांच्या बसेस त्याच, सिमेंटचं फिरतं पोट घेऊन जाणारे ट्रक तेच, डोंगरावर उतरलेले ढगही नेहमीसारखेच मंगल कार्यालयांच्या पाट्यांपर्यंत आलेले. तरी समोर काहीतरी उघडं पडलं होतं. घरातलं कपाट हलवल्यावर मागची भिंत दिसते ना, वेगळ्या रंगाची, तसं. मग लक्षात आलं. आबेदाची पाठ नव्हती. तीन वर्षं मी या रस्त्यावर सायकल चालवतेय, पण मी रस्ता पाहिलाच नव्हता. मी आबेदाची पाठ पाहत होते. तिची तिरकी ओढणी, कुर्त्याची मीच घातलेली चुण्यांची पाठ, डावा खांदा किंचित वर. तो वर झाला की पुढं खड्डा, दोन्ही खाली आले की उतार. माझ्या लेखी पिरंगुटचा घाट म्हणजे आबेदाच्या मानेवरचा घाम होता.

पाठींची मला सवय आहे. एक तर धंदाच तो. ब्लाऊज शिवायला मला कुणी शिकवलं नाही. आईच्या जुन्या ब्लाऊजची शिवण उसवून, कागदावर ठेवून, पेन्सिल फिरवून शिकले, आणि त्यातून एवढं कळलं की पुढची बाजू कुणीही शिवतं, खरी परीक्षा पाठीची. माप घ्यायला बाईला वळवलं की ती खरं बोलते. समोरासमोर "सगळं छान" म्हणणारी बाई पाठ केली, खांद्याला टेप लागला, की म्हणते, "हल्ली झोप येत नाही हो." मी टेप जरा जास्त वेळ धरून ठेवते. त्याही आधी माझ्या आयुष्यातली पहिली पाठ वडिलांची. ते मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायचे आणि तसेच कामावर जायचे. त्यांच्या शर्टावर घाम कसा पसरतो ते मी रोज बघायची. आधी मधोमध एक तळं, मग दोन्ही बाजूंना नद्या. शाळेत भूगोलाच्या नकाशाचं भय मला कधी वाटलं नाही, मी रोज एक बघून येत होते. मग लग्न झालं आणि रवीची पाठ आली, स्कूटरवरची, जाकिटाला पेट्रोलचा वास येणारी. आम्ही चारचाकी घेतली तेव्हा मला पहिल्यांदा नवऱ्याचा कान नीट दिसला. बरा होता. पण मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पुढं कुणाची तरी पाठ असली म्हणजे कुठं चाललोय ते विचारावं लागत नाही, आणि कुणी आपल्याला विचारत नाही.

फ्रान्सचं खूळ आबेदानंच आणलं. तिच्या नवऱ्याचं, कमरुद्दीनभाईंचं, पौडच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती गल्ल्यावर बसून फोनवर व्हिडिओ लावायची. एकदा तिला असा एक सापडला, ज्यात कुणी बोलत नाही, कुणी रडत नाही, सायकलच्या दांडीला कॅमेरा लावलाय आणि नुसता रस्ता येतोय. ओसेर नावाचं गाव, तिथून निघालेला जुना कालवा, काठानं सायकलींपुरती वाट. पाण्यावर झाडांच्या सावल्या, मध्येच दगडी पूल, मध्येच पाणी वर-खाली करायची लाकडी दारं, आणि प्रत्येक दारापाशी दार सांभाळणाऱ्याचं बुटकं घर, खिडकीत लाल फुलं. एक बाई हातानं चाक फिरवते, दार उघडतं, नाव हळूच वर येते. आम्ही तो व्हिडिओ माझ्याकडे काजं-बटणं करत किती वेळा पाहिला असेल! "ही बाई दिवसभर एवढंच करते बघ," आबेदा म्हणायची, "दार उघडते, लोकान्ला वर घेते, पुढं सोडते." पुढं क्लाम्सी येतं, मग डोंगरावरचं व्हेझले, त्याचा चढ दमवणारा. आम्ही आमच्या रस्त्याला ती नावं देऊन टाकली. भूगाव म्हणजे ओसेर. पिरंगुटचा घाट म्हणजे व्हेझले, हे नकाशात बसत नाही, पण पायात बसतं. आणि कासार आंबोलीच्या मागं, शनिवार-रविवारच्या बंगल्यांवरून पुढं गेलं की ओढ्याच्या कडेनं भातखाचरांमधून जाणारी सपाट वाट आहे, ती म्हणजे कालवा. बसायला मऊ असावं म्हणून मी दोघींना सायकलच्या विजारी शिवल्या, आत गोधडीसारखे चिंध्यांचे थर घालून. पहिल्या दिवशी आम्ही पिरंगुटपर्यंत गेलो आणि परत येताना दोघींना उतरून बदकासारखं चालत यावं लागलं. आबेदा रस्त्याच्या कडेला बसून इतकी हसली की एका बसवाल्यानं थांबून विचारलं, दवाखान्यात सोडू का. दुसऱ्या विजारी पातळ शिवल्या.

घाट उतरताना मी ब्रेक दाबून धरते. आबेदा दाबायची म्हणून मी दाबायची, आधी ती, मग मी. आज समोर पाठ नव्हती आणि उतार सरळ समोर आला, ओला, काळा, पार खाली पिरंगुटच्या पत्र्यांपर्यंत. माझी बोटं ब्रेकवर होती. ती आपोआप सैल पडली, मी सैल केली असं म्हणणार नाही. वारा बाहीत शिरला. तोंडातून "ऊऊ" असा आवाज निघाला, माझ्या वयाला न शोभणारा. आणि तिथंच, उताराच्या मध्यावर, मला जाणवलं की मी आनंदात आहे. आबेदा नाहीये आणि मी आनंदात आहे. ही गोष्ट मला आवडली नाही. मी ती जरा बाजूला सारली, तर ती परत मांडीवर येऊन बसली, मांजरासारखी. शबनूरचं बाळ, आबेदानं चमच्यानं भरवलेला शिरा, आणि मी इथं ऊऊ करत उतरतेय. मी ब्रेक दाबला. मग परत सोडला.

कासार आंबोलीच्या मागच्या वाटेवर एक निळ्या फाटकाचा बंगला आहे. तिथून फ्रान्स सुरू होतं, असा आमचा नियम. फाटक आलं की रस्त्याची बाजू बदलायची, कारण तिकडं सगळे उजवीकडून चालवतात आणि आबेदाचं म्हणणं, अंगवळणी पडलं नाही तर पहिल्याच वळणावर मरू. दुसरा नियम, फ्रान्समध्ये भेटेल त्याला "बोंझूर" म्हणायचं. तिथं असा रिवाज आहे, न बोलता पुढं गेलं तर उद्धट समजतात. आम्ही बंगल्याच्या वॉचमनला म्हणत होतो, कुत्र्यांना म्हणत होतो. पलीकडच्या खाचरात केशरबाई आणि त्यांचे मालक गेणबा दिसायचे. केशरबाई बांधावरून ओरडायच्या, "कुटं चालल्या गं पोरींनो?" पन्नाशीच्या आम्ही पोरी. पुढून आबेदा ओरडायची, "फुडं, मावशी!" मी मागून नुसती हसायची. उत्तर देऊन झालेलं असायचं.

आजही फाटक आलं आणि मी सवयीनं उजवीकडे गेले. फ्रान्स गेलं होतं, तरी गेले. वळणावर समोरून गेणबांच्या म्हशी आल्या, आपल्या डाव्या बाजूनं, सरळ रांगेत, बँकेत आल्यासारख्या शिस्तीत. पहिली म्हैस आणि मी एकमेकींकडे पाहिलं. अशा वेळी घंटी वाजवावी, ओरडावं, ब्रेक मारावा. मी म्हटलं, "बोंझूर." म्हैस काही बाजू सोडेना. मग मीच सोडली, आणि सायकलसकट शेजारच्या खाचरात गेले.

पडण्याची मला फार भीती. तीन वर्षं रोज थोडी थोडी जपलेली. आणि प्रत्यक्षात ते इतकं मऊ होतं! गुडघ्यापर्यंत चिखल, कोमट, लोण्यासारखा. मी पाठीवर पडले होते आणि वर ढग सावकाश चालले होते. मी काही क्षण तशीच राहिले. बरं वाटलं, हे कुणाला सांगावं?

"आगं बया, पडली का काय ती!" प्लॅस्टिकची खोळ सावरत केशरबाई चिखलातून आल्या. "लागलं का? उटा. ह्या त्या मागच्या न्हवं? पुढची कुटं हाय?"

"आज आली नाही ती," मी म्हटलं.

गेणबा म्हशींपाशी उभे होते. "अवो बाई, जनावराला बी कळतंय कुटल्या अंगानं जायाचं. तुमी कुटल्या अंगानं आलाय?"

"फ्रान्समध्ये उजवीकडून चालवतात. त्याची सवय करतेय."

"मंग तितं पडायाचं की! माझं खाचर कशापायी?"

केशरबाई इतक्या हसल्या की त्यांना माझा हात सोडावा लागला आणि मी परत बसले. मग त्यांनी माझ्या खाली बघितलं. कालपरवाच लावलेली रोपं होती, त्यातली बरीच माझ्या पाठीखाली गेली होती. केशरबाईंचा आवाज बदलला, रागावलेला नाही, कामाचा झाला. "उटा आता नीट. जेनं मोडली त्येनं लावायची, आमच्यात असंच हाय. गेल्या साली एका सायबाची गाडी आली हुती आत, त्यालाबी प्यांट वर कराया लावली. व्हय का न्हाई वो?"

"लई वाकडी लावली हुती त्यानं," गेणबा म्हणाले आणि म्हशी घेऊन गेले.

मी बूट काढले. त्यांनी रोपांची मूठ हातात दिली, दोन-तीन काड्या एकत्र धरून अंगठ्यानं चिखलात कशा रोवायच्या ते दाखवलं. मी लावली आणि पाऊल पुढं टाकलं. "फुडं न्हाई!" त्या ओरडल्या. "मागं सरा. फुडं गेला तर लावल्यालं तुडवाल." भाताची आवणी मागं सरत करतात हे मी लहानपणापासून बघितलंय, केलेलं कधी नव्हतं. वाकून, एक रांग, मागं एक पाऊल. समोर कुणाची पाठ नाही. समोर मी आत्ताच लावलेली रोपं, झुकलेली, थोडी लाजलेली, पण उभी. मागं काय आहे ते दिसत नाही, पायाला कळतं.

"फ्रान्सला कोन हाय तुमचं?" शेजारी वाकून लावत केशरबाईंनी विचारलं. त्यांचे हात शिवणाच्या सुईसारखे चालत होते.

"कुणी नाही."

"मंग कशापायी चाललाय?"

याचं उत्तर एरवी आबेदानं दिलं असतं. मी शोधलं. कालवा, चेरीची फुलं, लाकडी दारं, यातलं काहीच चिखलात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. "सायकल चालवायला," मी म्हटलं. "पण एकटीनं जावं लागेल. अजून ठरलं नाही. आज ठरवायचंय."

"मी नागपूरला गेल्ते दीक्षाभूमीवर. रेलगाडीनं, गावच्या बायांसंगं. तितं गर्दीत हरवले. एकटी. भ्या वाटलं. एका बाईनं हाताला धरून जेवाया घातलं, कोन कुटली ठावं न्हाई."

"मग?"

"मंग काय? जेवले की!" त्यांनी कंबर सरळ केली. "घावली मला नंतर ही सारी. पर खरं सांगू? हरवल्याली तवाच मी नागपूर बगितलं. बाकीचा येळ ह्या बायांच्या मागं मागं."

मी रांग संपवली. वाकडी होती. त्यांनी बघितली, एक-दोन ठिकाणी अंगठ्यानं दाबली आणि म्हणाल्या, "व्हतील. रोप काय, त्याला कुटंबी लावा, दोन दिस मान टाकतं, मंग धरतं." निघताना मी "जयभीम मावशी" म्हटलं, त्यांनी चिखलाचे हात जोडले आणि बांधावरून ओरडल्या, "कुटं चालल्या गं आता?" हे त्या मला विचारत होत्या. मागं-पुढं कुणी नव्हतं. मी ओरडले, "मिसळ खायाला!" आणि डाव्या बाजूनं निघाले.

हेही सांगायला हवं, मी आजवर एकटी हॉटेलात बसलेली नाही. माझ्या वयाच्या बाईनं असं म्हणावं म्हणजे विनोद आहे, पण खरं आहे. भूक लागली तरी घरी येऊन पोळी खाल्लीय. फ्रान्समधल्या रस्त्यांची सगळी गंमत तर त्या गावागावांतल्या खुर्च्यांवर आहे. सायकल भिंतीला टेकवा, बसा, कॉफी मागवा, चर्चचा मनोरा बघा. व्हिडिओत मी नेहमी त्या खुर्च्या दोन-दोन मोजायची, एक आबेदाची. पिरंगुटला घाटाच्या आधी एक हॉटेल आहे, ओल्या फरशीवर पोती टाकलेलं. मी आत गेले, मागं चिखलाचे ठसे उमटवत. कारखान्यातली चार माणसं खायची थांबली. टेबल पुसणाऱ्यानं मला खालून वर पाहिलं. "कितने लोग, मावशी?" मी तोंड उघडलं. हाही प्रश्न सिद्धांतच्या मेलसारखाच, दोघी की एक, आणि बोट आपोआप वर झालं, एक. "एक," मी म्हटलं. तो "ओके" म्हणून गेला. बस, एवढंच. आभाळ कोसळलं नाही, कारखान्यातली माणसं परत पाव बुडवू लागली. मिसळ तिखट होती, तर्री वरून मागून घेतली, नाकातून पाणी आलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर मी हेल्मेट ठेवलं. मग उचलून खाली ठेवलं. खुर्ची रिकामीच छान दिसत होती. घाट चढताना दमले, उतरले, सायकल ढकलत चालले, परत बसले, आणि वरती पोचले तेव्हा मला कुणीही पाहिलं नाही, त्यामुळे मी हात वर करून घेतले.

आबेदा गेटपाशीच होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "कुटं होतीस? फोन का उचलत नाहीस?" आणि मग चिखल दिसल्यावर, "या अल्ला! ही काय दशा?"

"म्हशीला बोंझूर म्हटलं," मी सांगितलं.

ती हसली, मग हसता हसता जवळ आली. "ठरलं का गं?" तिनं विचारलं, आणि मी तिच्या डोळ्यांत पाहून "बघू" म्हणणार होते, तेवढ्यात तिनं माझे दोन्ही खांदे धरून मला वळवलं. "थांब, मागं सगळं वाळलंय, झटकते." तिचे हात माझ्या पाठीवरून फिरू लागले, मानेपासून खाली, मी बायकांची मापं घेते तसे, आणि मला उगीच समोरच्या दुधाच्या क्रेटांना सांगावंसं वाटलं.

"मी जातेय," मी म्हटलं. "एकटी. आणि आबेदा, तू नसताना आज मला फार मजा आली. राग येऊ देऊ नको."

तिचे हात थांबले. चिखलाचा एक वाळलेला तुकडा माझ्या पायाशी पडला. मला मागं बघायचं होतं, पण मी वळले नाही. मग तिची बोटं माझ्या डाव्या खांद्यावर आली आणि तो खांदा तिनं किंचित खाली दाबला.

"तुझाबी हा खांदा वर राहतो," ती म्हणाली. "तीन वर्षांत बघितलंच नव्हतं. अशी दिसतेस होय तू मागनं."